साबणाचं कुंकू

तुमच्या-आमच्या पणजोबांचाही जन्म व्हायच्या आधी, नदीकाठच्या एका गावात एक साबणवाली राहत होती. तिचं नाव कोंडाबाई. गाव म्हणा की राज्य म्हणा, दोन्ही चालेल, कारण त्या एवढ्याशा गावाला स्वतःचा राजा होता. राज्य इतकं आटोपशीर, की या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस विचारी, "सर्दी झाली का?"

कोंडाबाईचा साबण सगळ्या राज्यात नावाजलेला होता. केळीचे वाळलेले खुंट जाळून ती त्यांची राख करायची. राख पाण्यात भिजवून, त्यात चुना मुरवून, वरचं निवळ पाणी काढून घ्यायची. या पाण्याला म्हणायचं खार. मग मोठ्या कढईत खार आणि खोबरेल एकत्र करून ती हात भरून येईपर्यंत घोटायची. गोळा जमला की लाकडी साच्यात ओतायची आणि वड्या पाडायची. तेल आणि खार नीट मापात भेटले की दोघांचा मिळून साबण होतो. पण खार जास्त झाला, तर उरलेला खार वडीत तसाच दबा धरून बसतो आणि कातडीला लागला की चावतो. हे कोंडाबाईला चांगलं ठाऊक होतं. आता ठाऊक असलेली गोष्ट ऐन वेळी आठवतेच असं नाही, आणि कोंडाबाई तर आठवत बसणाऱ्यांपैकी नव्हतीच.

वर्षानुवर्षं खारात बुडवून तिचे हात चपलेच्या तळासारखे झाले होते. चुलीवरची कढई ती फडक्याशिवाय उतरवायची. साबण तयार झाला की स्वतःच्या हातांना खसाखसा चोळायची, धुवायची आणि म्हणायची, "झालं बेस." एवढी तिची तपासणी. तिच्या हातांना कधी काही झालं नाही, म्हणून तिच्या साबणानं कोणालाच काही होणार नाही, असं तिचं साधं गणित होतं.

गावाची मात्र साबण पारखायची वेगळी रीत होती. नवी वडी चावडीवर आणायची, ओली करायची आणि तिच्यावर चिमूटभर हळद चोळायची. हळद लाल झाली की लोक खूश होऊन म्हणत, "कुंकू फुललं." कुंकू फुललेला साबण शुभ, तो अंगाला लावायला मोकळीक. कुंकू न फुललेला साबण आजवर कोणी पाहिलाच नव्हता. हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल पडतो, हे घरोघरच्या बायका रोज बघत होत्या. पण घरात दिसतो तो डाग आणि चावडीवर दिसतं ते कुंकू, हे दोन्ही एकच आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. शुभ म्हटलं की डोकं जरा विसाव्याला बसतं, तुमचं काय आणि माझं काय.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना राणीला मुलगी झाली. राज्यात साखर वाटली गेली. राजानं जाहीर केलं, की बारशाच्या दिवशी बाळाला पहिल्यांदा साबणानं न्हाऊ घालायचं आणि तो साबण कोंडाबाईनं करायचा. साबण पसंत पडला तर कोंडाबाईला 'राजसाबणवाली' म्हणायचं, आणि सणासुदीला तिचं पान मानकऱ्यांच्या पंगतीत मांडायचं.

हे ऐकून कोंडाबाईचा ऊर भरून आला. तिचा साबण सगळ्यांना हवा असायचा, पण पंगतीत बसायची वेळ आली की बायका जरा सरकून बसायच्या. "खाराचा वास येतो गं तिच्या लुगड्याला," म्हणायच्या. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं भट्टी पेटती ठेवली होती, आणि जेवायची मात्र कोपऱ्यात. आता मानाच्या पंगतीत पान मिळणार होतं. तिला ते फार हवं होतं, इतकं की झोपेतही ती त्या पानावरची मीठ-चटणी बघत असे.

ती लगेच कामाला लागली. तेवढ्यात अडचण आली. त्या वर्षी केळीच्या बागेत पाणी साचून सगळे खुंट सडले होते. सडका खुंट जळेल कसा? कोंडाबाई इकडे तिकडे बघू लागली, तर बांधावर कमरेएवढा आघाडा माजलेला. तिनं तो कापला, वाळवला, जाळला आणि पांढरीशुभ्र राख काढली.

"राख ती राख," असं म्हणून तिनं केळीच्या राखेचंच माप घेतलं आणि तेवढीच आघाड्याची राख घातली. आघाड्याची राख मोठी तिखट असते. तिच्यातून खार निघतो तो भलताच कडक. तेल मात्र नेहमीचंच पडलं. वड्या झाल्या देखण्या, पांढऱ्या, टणक. कोंडाबाईनं एक वडी हातांना खसाखसा चोळली, हात धुतले आणि म्हणाली, "झालं बेस."

बारशाच्या सकाळी राजवाड्याच्या अंगणात मांडव घातला होता. पाण्याचा हंडा तापला होता. सुईण पाटावर पाय लांब करून बसली होती. राणी बाळाला मांडीवर घेऊन शेजारीच होती, आणि गावातली सगळी बायामाणसं भोवती कोंडाळं करून उभी होती. कोंडाबाई नवं लुगडं नेसली होती. तिनं केळीच्या पानावर ठेवलेली वडी पुढे केली.

कुंकू बघायचा मान प्रधानजींचा. प्रधानजी म्हणजे तोंडात चोवीस तास विडा आणि बोलण्यात चोवीस तास रीतभात. त्यांनी वडीवर पाणी शिंपडलं, हळद चोळली, आणि बघता बघता हळद लालभडक झाली. इतकी लाल की आजवर तशी कोणी बघितली नव्हती. बायकांनी हात जोडले.

"महाराज," प्रधानजी म्हणाले, "असं कुंकू आपल्या राज्यात कधी फुललं नाही. राजकन्या भाग्याच्या आहेत."

"वा, वा," राजा म्हणाला. "द्या मग ती वडी सुईणीकडे."

"जरा थांबा," राणी म्हणाली.

ती बाळंतपणानं थकलेली, साधी तरुण मुलगी होती. चार लोकांत बोलायची तिला सवय नव्हती. पण मांडीवर बाळ होतं.

"कोंडाबाई, तुम्ही हा साबण कोणाला लावून बघितलात का?"

"बगितला की राणीसाहेब. ह्या बगा, माज्या दोनी हातांना चोळला. काय सुदीक झालं न्हाई."

"तुमचा हात द्या बघू."

कोंडाबाईनं हात पुढे केला. तिचं सगळं लक्ष बाळाकडे लागलं होतं. एवढंसं तोंड, त्यात जांभई. ती हसून बघत राहिली.

"मी आत्ता तुमच्या हाताला काय करतेय?" राणीनं विचारलं.

"धरलाय न्हवं का तुमी?"

"मी नख रुतवतेय, कोंडाबाई. मघापासून."

कोंडाबाईनं खाली बघितलं. खरंच, राणीचं नख तिच्या तळव्यात रुतलेलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. लोकांत कोणी तरी फिसकन हसलं. कोंडाबाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"राणीसाहेब, माज्या साबणावर संशेव घेता का?"

"संशय नाही हो," राणी म्हणाली. "मला भीती वाटते. हिची कातडी बघा, नुसता वारा लागला तरी लाल होते. अशी कोवळी जागा तुमच्या अंगावर कुठे आहे? तिथे लावून बघाल का?"

प्रधानजी घसा खाकरून म्हणाले, "राणीसाहेब, कुंकू फुललं की परीक्षा झाली. पुन्हा तपासणं रीतीत बसत नाही."

कोंडाबाईला त्या क्षणी प्रधानजींचा आधार वाटायला हवा होता. पण तिचा स्वभाव उलटा. कोणी तिच्या साबणाची बाजू घेतली की तिला वाटायचं, माझ्या साबणाला वकिलाची काय गरज?

"बसंल की रीतीत," ती ठसक्यात म्हणाली. "सगळ्यांम्होरं लावते. बगा हवं तर डोळं भरून."

तिनं चोळीची बाही वर सरकवली. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कधी ऊनही लागत नाही आणि खारही लागत नाही, तिथली कातडी एखाद्या मुलीसारखी मऊ होती. तिथे तिनं वडीची हळद न लागलेली बाजू ओली करून फिरवली, फेस केला, वडी पानावर परत ठेवली आणि ती हात पुढे धरून उभी राहिली. नुसतं उभं राहणं तिला जमत नसे, म्हणून ती बोलू लागली.

"पाटलाच्या घरी माजाच साबण. देवळाच्या पुजाऱ्याकडं माजाच. नदीपल्याडची माणसं व्होडीत बसून येत्यात, आन् म्हणत्यात कोंडाबाई, तुज्या साबणासारका..."

एवढं बोलली आणि तिचं वाक्य अडलं. कोपरात आधी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मग मुंग्या आल्या. मग त्या मुंग्या चावायला लागल्या. कोंडाबाईनं सहज केल्यासारखा पदर ओढून घेतला आणि हात झाकला.

आता हे फक्त तिलाच कळत होतं. लोकांना पानावरची लालभडक वडी दिसत होती. सुईणीनं बाळाला पायांवर घेतलं होतं. राजा मान डोलवत होता. "झालं, काय न्हाई झालं," एवढे चार शब्द बोलले की काम होणार होतं. मानाचं पान मिळणार होतं, आयुष्यभर. उद्या बाळाच्या अंगावर काही उठलंच, तर लोक म्हणाले असते उष्णता झाली, नाही तर दृष्ट लागली. कुंकू फुललेल्या साबणावर कोण बोट ठेवणार?

कोंडाबाईच्या मनात हे सगळं येऊन गेलं. आलं नसतं तर ती माणूस कसली? पण कोपर पेटलं होतं, आणि समोर सुईणीच्या पायांवर ते लेकरू हातपाय हलवत होतं. त्याच्या अंगाला सगळीकडूनच कोपराच्या आतली कातडी होती.

सुईणीनं वडीसाठी हात पुढे केला.

"थांब गं," कोंडाबाई म्हणाली. "त्या वडीला हात लावू नगंस."

ती हंड्याकडे गेली आणि तिनं बाजूच्या बादलीतल्या गार पाण्याचे तांबे भराभर कोपरावर ओतले. मग ओलं बोट वडीवरून फिरवून तिनं ते जिभेच्या टोकाला नुसतं टेकवलं. साबण करणाऱ्या माणसाची ही जुनी परीक्षा, साबणाचा धंदा करणाऱ्यानंच करायची, तुम्ही-आम्ही नाही. चांगल्या साबणाची चव कडवट, बुळबुळीत लागते आणि तिथेच संपते. या साबणानं जिभेला सुई टोचल्यासारखा झटका दिला. कोंडाबाई बाजूला जाऊन थुंकली आणि तिनं पुन्हा पुन्हा चुळा भरल्या. हीच परीक्षा तिच्या सासूनं तिला शिकवली होती. 'आपल्याला आता काय गरज' म्हणून तिनं ती कधीची सोडून दिली होती.

"महाराज, ह्यो साबण लेकराला लावायचा न्हाई," ती म्हणाली. "ह्यात खार उरलाय. चुकी माजी हाय."

तिनं पदर बाजूला सारून कोपर पुढे केलं. कोपराच्या आत तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"असं कसं होईल?" प्रधानजी म्हणाले. त्यांना राग आला होता, कारण कुंकू त्यांनी फुलवलं होतं. "एवढं कुंकू फुललं ते काय खोटं? बाई, तुमच्या हाताला दुसरं काही लागलं असेल. कुंकू खोटं बोलत नाही."

"कुंकू न्हाई बोलत खोटं," कोंडाबाई म्हणाली. "पर आपून त्याला इच्यारलं काय? इच्यारलं, की बाबा तुज्यात खार हाय का? ते म्हनलं, हाय. लई हाय म्हनलं. आपून म्हनलो, शुभ झालं."

"हे तुमचं म्हणणं."

"मग तुमचा पानाचा डबा द्या हिकडं."

प्रधानजींनी नाइलाजानं डबा काढला. कोंडाबाईनं चुन्याच्या डबीतून बोटभर चुना काढला, पानावर ठेवला आणि त्यावर हळद चोळली. हळद लाल झाली. साबणावरच्या कुंकवापेक्षाही गडद लाल.

"बगा प्रधानजी, कसं झ्याक फुललंय. लावायचा का मग ह्यो चुना लेकराच्या अंगाला?"

विड्यात चुना जास्त पडला की तोंडाचं काय होतं, हे मांडवातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, आणि प्रधानजींना सगळ्यात जास्त. त्यांची जीभ नकळत गालातून फिरली. कुंकू बनवणारेही हळदीत चुनाच घालतात, हेही मग एकेकाला आठवायला लागलं.

राजानं कोंडाबाईच्या कोपरावरचा चट्टा एकदा नीट बघितला. मग तो म्हणाला, "कोंडाबाई, साबण नापसंत. मान काही आज देता येणार नाही."

"व्हय जी," कोंडाबाई म्हणाली. तिला वाईट वाटलं. ते लपवायला तिला जमलं नाही, डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं पुसले.

सुईणीनं डाळीचं पीठ आणि साय कालवून बाळाला न्हाऊ घातलं. पंगत बसली तेव्हा कोंडाबाई आपली आपण कोपऱ्यात जाऊन बसली. बायकांना बोलायला विषयच मिळाला होता. कोणी म्हणे साबण बिघडला, कोणी म्हणे कोंडाबाई म्हातारी झाली. पण जेवण निम्म्यावर आलं असताना राणीची दासी आली आणि बाळाच्या आईनं पाठवलंय म्हणून तिच्या पानावर आणखी एक पुरणपोळी वाढून गेली. कोंडाबाईनं ती तूप लावून चवीनं खाल्ली. रडून झाल्यावर भूक लागतेच.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या सगळ्या वड्या फोडल्या. किसून, त्यात तेल वाढवून पुन्हा कढईत घोटल्या. नव्या वड्या झाल्या तरी घाईनं उचलल्या नाहीत. फळीवर वाऱ्याला चांगल्या मुरू दिल्या. अधूनमधून ओलं बोट फिरवून जिभेला टेकवायची. एके दिवशी झटका बसायचा थांबला. मग तिनं कोपराच्या आत फेस लावला, धुतला, आणि लगेच 'झालं बेस' म्हणायचं तोंडावर आलेलं असताना तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत कोपर कोरं राहिलं, तेव्हा ती वडी घेऊन राजवाड्यात गेली.

राणीनं ती वडी घेतली आणि तिनंही आधी आपल्याच कोपराला लावली. म्हणाली, "उद्या सांगते." पूर्वीची कोंडाबाई असती तर तिला अपमान वाटला असता. आताची कोंडाबाई म्हणाली, "सावकाश सांगा."

बाळाची साबणानं आंघोळ झाली. बाळ रडलं, पण ते डोळ्यांत पाणी गेलं म्हणून. अंग तुकतुकीत राहिलं. पुढच्या सणाला कोंडाबाईचं पान मानकऱ्यांत मांडलं गेलं, आणि प्रधानजींनी स्वतः उठून तिला विडा दिला. चुना कमी लावून.

आता राजकन्येचा साबण म्हटल्यावर कोंडाबाईच्या दारात रीघ लागली. तिनं साबणात दवण्याचं सुवासिक तेल घालायला सुरुवात केली होती, त्यामुळे मागणी आणखी वाढली. एके दिवशी कुंभाराची मुलगी पळत पळत आली. तिचं लग्न तोंडावर आलं होतं.

"मावशी, दवन्याची वडी द्या. आजपास्नं तोंडाला लावते, म्हंजी लग्नात उजळ दिसंन."

"बाही वर कर," कोंडाबाई म्हणाली. "कोपरात लावते. उद्या ये, मग वडी देते."

"आता गं बया. राजाच्या लेकीला चालतोय त्यो साबण, मला का न्हाई चालायचा?"

"तिची कातडी तिची, तुजी तुजी. कर बाही वर."

मुलगी फुरंगटली. पण कोंडाबाईशी वाद घालून कोणी जिंकलं नव्हतं, त्यामुळे तिनं बाही वर केली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. कोपराच्या आत बारीक बारीक पुरळ उठलं होतं आणि ते खाजत होतं. साबणात खार नव्हता. या मुलीच्या कातडीला दवणा सोसत नव्हता, एवढंच.

"मावशी, ह्ये काय झालं वं?" ती रडवेली होऊन म्हणाली. "लगीन आलंय माजं."

कोंडाबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला, पुरळावर खोबरेल टेकवलं आणि शांतपणे म्हणाली, "लई ग्वाड झालं पोरी. पदराखाली झाकंल अशा जागी कळलं. तोंडावर कळलं असतं, तर अंतरपाट धरणाऱ्यांनी त्यो खाली सोडला असता का?"

मुलीला रडता रडता हसू आलं. कोंडाबाईनं बिनवासाची साधी वडी काढली, आणि मुलीनं न सांगताच दुसऱ्या हाताची बाही वर केली.

तात्पर्य: शुभ दिसलं म्हणून वस्तू सुरक्षित ठरत नाही. जे दुसऱ्याच्या अंगाला लावायचं, ते आधी आपल्या सगळ्यात कोवळ्या जागी लावून बघावं, आणि ज्याला द्यायचं त्यालाही तसंच बघू द्यावं.